न उलगडलेल्या गुन्ह्यावर पुस्तक: कागद आधी, माणसं नंतर, लेखन शेवटी

आपल्या तालुक्यातल्या जुन्या, छडा न लागलेल्या खुनावर पुस्तक लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. घोळ बहुतेकांचा एकाच जागी झालेला असतो. लेखक आधी मृताच्या घरी जातो. तिथं संताप ऐकतो आणि एक नाव ऐकतो. मग त्या नावाला जुळतील अशा बातम्या गोळा करतो. एफआयआरची प्रत मिळते का, हे तो अगदी शेवटी, प्रकाशकाने विचारल्यावर बघतो. तोवर दोनशे पानं लिहून झालेली असतात आणि कागद काही वेगळंच सांगतोय हे मान्य करायची तयारी संपलेली असते.

पोलिसांना तीस वर्षं सापडला नाही तो आरोपी तुम्हाला सापडणार नाही, हे धरूनच सुरुवात करा. तपास नेमका कुठे, कोणत्या तारखेला आणि कशामुळे थांबला, एवढं मात्र तुम्ही शोधू शकता. पुढचे टप्पे त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: प्रकरण आज कुठल्या अवस्थेत आहे ते ठरवा

‘केस बंद झाली’ हे गावातलं वाक्य चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं.

पहिली अवस्था ‘समरी’, म्हणजे तपास थांबवण्याचा न्यायालयात पाठवलेला अहवाल. त्याचे तीन प्रकार. ‘ए समरी’ अशी: गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरेसा पुरावा मिळाला नाही, असा अहवाल पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवला आणि तो मंजूर झाला. ‘बी समरी’ म्हणजे फिर्यादच जाणूनबुजून खोटी. ‘सी समरी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली तक्रार. या तीन अक्षरांची गल्लत झालेली हस्तलिखितं मी पाहिली आहेत. ‘बी’ला ‘ए’ समजलं तर अख्खं पुस्तक उलटं होतं.

दुसरी अवस्था ‘एडी’, म्हणजे फक्त अकस्मात मृत्यूची नोंद. इथं खुनाचा गुन्हा कधी दाखलच झालेला नसतो, त्यामुळे गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. अकस्मात मृत्यू रजिस्टरचा वेगळा क्रमांक असतो, तो शोधा.

तिसरी अवस्था म्हणजे खटला चालला आणि आरोपी निर्दोष सुटले. चौथीत आरोपी निष्पन्न झाला, पण तो फरारी आहे किंवा तपास अजून चालू आहे.

इशारा: तिसऱ्या अवस्थेतली पुस्तकं सर्वांत जास्त अडचणीत येतात. संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस कायद्याने निर्दोषच असतो. ‘खरा गुन्हेगार मोकाट’ असा सूर लावायचा असेल तर वकिलाची फी आधीच बाजूला काढून ठेवा.

अर्धवट उलगडलेली प्रकरणं कशी मांडायची, याला बावला खून प्रकरण हा चांगला नमुना आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. मारेकऱ्यांना शिक्षा झाली. हल्ल्याचा संबंध इंदूर दरबाराशी जोडला गेला आणि चौकशीला सामोरं जाण्याऐवजी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली. गादी सोडली ही नोंद आहे. हुकूम कुणी दिला हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. या दोन वाक्यांमधली जागा मोकळी ठेवता आली तरच या वाटेला जा.

तपासणी: ‘हे प्रकरण अमुक पोलीस ठाण्यात, अमुक क्रमांकाने नोंदलं गेलं आणि अमुक अवस्थेत आहे’ हे वाक्य लिहून पाहा. तीनपैकी एक जागा जरी रिकामी राहिली तरी कुणाच्या घरी जाऊ नका. ती जागा पुढच्या टप्प्यात भरते.

## टप्पा २: वर्तमानपत्रांतून कालपट उभा करा

इथं बातम्यांचा उपयोग फक्त पत्ता म्हणून करायचा. तारीख, पोलीस ठाणं, तपासी अंमलदाराचं नाव, न्यायालय एवढं मिळालं की पुढे कागद मागता येतो. घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून निदान दोन महिन्यांचे अंक चाळा, कारण ‘तिघे ताब्यात’ ही बातमी पहिल्या पानावर येते आणि ‘तिघांना सोडून दिले’ ही पाचव्या पानावर, तळाशी.

राज्यव्यापी दैनिकांपेक्षा जिल्ह्याचं दैनिक आणि तालुक्याचं साप्ताहिक अधिक कामाचं. त्यांचे जुने अंक नगर वाचनालयांत, जिल्हा ग्रंथालयांत, कधी संपादकाच्या वारसांच्या माळ्यावर असतात. मुंबई-ठाण्याकडच्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालयांपासून सुरुवात करावी. स्वातंत्र्यपूर्व काळातलं प्रकरण असेल तर राज्य पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली दालनं आहेत.

बातमी पाच दैनिकांत आली म्हणून ती पाचपट खरी होत नाही. वाक्यरचना जुळते का बघा. बहुतेक वेळा एकाच तालुका प्रतिनिधीची तार सगळीकडे गेलेली असते.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: जिल्हे बदललेत. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये झाले. १९७९ सालच्या लातूरच्या प्रकरणाचा सत्र न्यायालयातला कागद उस्मानाबादला (आताच्या धाराशिवला) असू शकतो. हिंगोलीचा परभणीला, पालघरचा ठाण्याला. घटनेच्या दिवशी ते गाव कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या ठाण्याच्या हद्दीत होतं, हे कालपटाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

## टप्पा ३: कागद मागा, तीन ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतीने

पोलिसांकडे माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा ऑनलाइन अर्ज करता येतो. इथल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘संपूर्ण फाईल द्यावी’ असा अर्ज हमखास फेटाळला जातो. ‘तपास नीट का केला नाही’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागदाचं नाव घेऊन मागायचं. नमुना असा:

> विषय: ___ पोलीस ठाणे, गु.र.नं. ___/१९९४, भा.दं.वि. कलम ३०२.
> कालावधी: मार्च १९९४ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत.
> १) प्रथम खबरी अहवालाची प्रत.
> २) घटनास्थळ पंचनामा व मरणोत्तर पंचनामा यांच्या प्रती.
> ३) न्यायालयास सादर केलेल्या समरी अहवालाची व त्यावरील आदेशाची प्रत.
> ४) तपास केलेल्या अधिकाऱ्यांची नावे, पदे व कालावधी.
> ५) वरील अभिलेख नष्ट केले असल्यास त्याचा दिनांक, आदेशाची प्रत व नोंदवहीतील नोंदीची प्रत.
> घटनेस वीस वर्षांहून अधिक काळ झाला असल्याने अधिनियमाचे कलम ८(३) लागू होते.

पाचवा मुद्दा कधीही गाळू नका. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ या उत्तराने काही सिद्ध होत नाही. तोच अभिलेख कुणाच्या आदेशाने आणि कधी नष्ट झाला, हे मात्र तुमच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

कलम ८(३) हे जुन्या प्रकरणांवर लिहिणाऱ्याचं खरं हत्यार आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मागितली की देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढेच अपवाद उरतात. ‘व्यक्तिगत माहिती’ आणि ‘तपासात अडथळा’ ही नेहमीची दोन कारणं या कलमापुढे टिकत नाहीत. घटना वीस वर्षांच्या आतली असेल तर ‘तपास चालू आहे’ हे उत्तर येणारच. तपासाला नेमकी कशी बाधा येते ते दाखवलं पाहिजे, नुसतं ‘चालू आहे’ म्हणून चालत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ च्या ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ या प्रकरणात म्हटलं आहे. अपिलात ते नमूद करा.

उत्तराची मुदत ३० दिवस. पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगात प्रकरण दीर्घ काळ पडून राहतं, तेव्हा प्रकाशकाला तारीख देण्याआधी अर्ज टाका.

न्यायालयाकडे नकलेचा अर्ज. इथं माहिती अधिकार चालत नाही. न्यायालयीन कागद न्यायालयाच्याच नियमांनी मागायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुम्ही पक्षकार नसल्याने प्रत कशासाठी हवी याचं कारण अर्जात, गरज पडल्यास शपथपत्रावर, द्यावं लागतं. लक्षात घ्या: ए समरीसुद्धा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मंजूर होते. म्हणजे ठाण्यातला कागद वाळवीने खाल्ला असेल तरी दुसरी प्रत तालुक्याच्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असण्याची शक्यता आहे. लेखक तिथं जातच नाहीत.

दोषारोपपत्र संकेतस्थळावर मिळेल अशी आशा धरू नका. तो सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं आहे. एफआयआर मात्र संवेदनशील प्रकरणं सोडून संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश २०१६ चा आहे. त्याआधीच्या एफआयआर हातानेच शोधाव्या लागतात.

घरच्यांच्या ट्रंकेत. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्यामुळे एक नोटीस घरी आलेली असू शकते आणि बऱ्याचदा ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते. तिच्यावर न्यायालयाचा क्रमांक असतो. ही नोटीस मागण्यापुरतं एक साधं पत्र घरच्यांना या टप्प्यावर पाठवा. तुम्ही लिहिताय हे त्यांना बाहेरून कळू नये, हा त्या पत्राचा दुसरा हेतू. मुलाखत मात्र अजून नाही.

## टप्पा ४: कागद वाचायला शिका

पोलिसांपुढचा जबाब आणि न्यायालयातली साक्ष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जबाब पोलीस आपल्या शब्दांत लिहितात आणि त्यावर सही घेत नाहीत. ‘मी विचारल्यावरून सांगतो की’ ही सुरुवात प्रत्येक जबाबात सारखीच का, याचं उत्तर त्यातच आहे. साक्ष शपथेवर होते आणि तिची उलटतपासणी होते. जबाबातलं वाक्य ‘त्याने न्यायालयात सांगितलं’ म्हणून छापणं ही या प्रकारच्या लेखनातली सर्वांत वारंवार दिसणारी चूक आहे.

घटनास्थळ पंचनामा घाईने वाचू नका. समजा, विहिरीत प्रेत सापडल्याचं प्रकरण आहे. पंचनाम्यावर ‘सुरू ९.००, संपला १०.३०’ अशी वेळ आहे आणि स्टेशन डायरीत खबर मिळाल्याची वेळ ९.४०. नवखा लेखक इथं ‘कट’ असा शब्द टाकतो. थांबा. एक शक्यता: हवालदार आधीच गावात होता आणि डायरीतली नोंद नंतर झाली. दुसरी: पंचनामा ठाण्यात बसून लिहिला आणि वेळ अंदाजाने टाकली. तिसरी: खरोखरच काहीतरी लपवायचं होतं. कागदावरून यातलं काहीच ठरत नाही. तुम्ही विसंगती नोंदवायची आणि पंचांना काय विचारायचं ते ठरवायचं. चतुःसीमाही बघा. ‘पूर्वेस अमक्याचे शेत’ असं लिहिलेलं असतं. ते सातबाऱ्याशी ताडून पाहिलं की त्या दिवशी शेजारच्या रानात कोण असू शकत होतं ते कळतं.

शवविच्छेदन अहवालातली मृत्यूची वेळ ही तासांची पट्टी असते. ‘रात्री ठीक अकराला’ असं तिच्यातून कधीच निघत नाही. स्वतः अर्थ लावू नका, न्यायवैद्यक शिकवणाऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवा.

खटला वरच्या न्यायालयात गेला असेल तर निकाल आधी वाचा. १९७२ ते १९७४ मधल्या, परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांबद्दल गुप्तधन आणि नरबळीच्या गोष्टी अजून चवीने सांगितल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल वाचला की माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला किती पुष्टी लागते आणि कबुलीजबाब नोंदवताना काय काळजी घ्यावी लागते, यावर न्यायालयाने किती बारकाईने विचार केला ते दिसतं. चवदार गोष्ट आणि टिकणारा पुरावा यांतलं अंतर शिकायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

## टप्पा ५: आता माणसांकडे जा, या क्रमाने

आधी ज्यांचा प्रकरणात जीव अडकलेला नाही ते: निवृत्त हवालदार, पोलीस पाटील, पंच, बातमी देणारा वार्ताहर, सरकारी वकील. साहेबांपेक्षा हवालदाराची आठवण पक्की असते. साहेबांच्या बदल्या होत राहिल्या, हवालदार त्याच तालुक्यात राहिला. मग घरचे. संशयित सर्वांत शेवटी.

ध्वनिमुद्रणाची परवानगी मुद्रण सुरू झाल्यावर पुन्हा तोंडी घ्या. पैसे देऊ नका, प्रवासखर्च सोडून. आणि घरच्यांना ‘न्याय मिळवून देऊ’ असं चुकूनही म्हणू नका. ते वाक्य तुम्ही विसराल, ते नाही विसरणार.

तारखा विचारू नका, खुणा विचारा. पुण्यात ‘पानशेतच्या आधी की नंतर’ म्हटलं की १२ जुलै १९६१ ची रेषा मिळते. कोयनेकाठी ११ डिसेंबर १९६७, लातूर-उस्मानाबादकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. ‘पोळ्याच्या करीला’, ‘आवणीच्या दिवसांत’, ‘बाजाराच्या आदल्या दिवशी’ ही उत्तरं वर्षाच्या कॅलेंडरवर बसवता येतात.

तपासणी: साक्षीदार म्हणाला, ‘टिपूर चांदणं होतं, मी ओळखलं त्याला.’ त्या वर्षीचं पंचांग काढा. अमावास्येच्या आसपासची तिथी निघाली तर साक्षीदार खोटारडा ठरत नाही, कदाचित त्याच्या डोक्यात दोन रात्री एकत्र झाल्या असतील. पण ते वाक्य मग पुस्तकात पुरावा म्हणून जाणार नाही. तसंच ‘शेवटच्या एसटीने आलो’ म्हणणाऱ्यासाठी आगारातलं जुनं वेळापत्रक मिळतं का ते विचारा.

## टप्पा ६: कायद्याची चाळणी

ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या १९९४ च्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमचा पाया आहे. सार्वजनिक अभिलेखात, विशेषतः न्यायालयीन अभिलेखात असलेल्या गोष्टी संमतीशिवाय लिहिता येतात. त्यापलीकडच्या खाजगी आयुष्यात शिरलात तर संमती लागते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडिता मृत असली तरी हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सांगितलं आहे. ‘घरच्यांनी छापा म्हटलं’ एवढं पुरत नाही. नाव बदललं पण गाव, आडनाव आणि वडिलांचा धंदा तसाच ठेवला, तरी ओळख उघड झालीच. अठरा वर्षांखालील पीडित, साक्षीदार किंवा आरोपी यांनाही बाल न्याय कायद्याचं असंच संरक्षण आहे. घटनेच्या वेळी वय काय होतं ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवा.

बदनामी आता न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. आरोप सत्य असून पुरत नाही, तो लोकहितासाठी केलेला असावा लागतो. आणि मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही हा गैरसमज आहे. नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशाने केलेला आरोप त्यातच मोडतो.

## टप्पा ७: लिहिताना

चूक: ‘त्या रात्री तो दबकत विहिरीपाशी आला.’
बरोबर: ‘तो रात्री विहिरीकडे जाताना दिसल्याचं एका शेजाऱ्याने जबाबात सांगितलं. न्यायालयात याच शेजाऱ्याने ते नाकारलं.’

दुसरं वाक्य कमी थरारक आहे का? मला नाही वाटत. साक्षीदार फितूर का झाला, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. कल्पित संवाद पूर्ण टाळा. मृताच्या मनात शेवटच्या क्षणी काय आलं, हे तर कुणालाच माहीत असणं शक्य नाही. संशयिताचं नाव अभिलेखात नसेल तर टोपणनावानेही घेऊ नका. तालुक्यात टोपणनाव अर्ध्या दिवसात फुटतं.

## टप्पा ८: छापायला देण्याआधी

हस्तलिखिताच्या समासात प्रत्येक विधानापुढे कागदाचा किंवा मुलाखतीचा क्रमांक टाका. ज्याला क्रमांक नाही ते वाक्य काढा, कितीही आवडतं असलं तरी. मग ज्यांच्याबद्दल काही प्रतिकूल लिहिलं आहे त्या प्रत्येकाला, तपास अधिकाऱ्यांसकट, पोच मिळेल अशा टपालाने नेमके मुद्दे कळवा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. उत्तर आलं तर त्याचा सार पुस्तकात घ्या. आलं नाही तर तसं लिहा.

शोधताना काही नवीन हाती लागलं, एखादी वस्तू, पत्र किंवा कुणाची कबुली, तर ते प्रकाशनापर्यंत दाबून ठेवू नका. खुनाला मुदतीचं बंधन नाही. समरी झाली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १९३(९) खाली पुढचा तपास होऊ शकतो, आणि खुनाची माहिती कळवणं हे त्याच संहितेच्या कलम ३३ प्रमाणे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. वस्तूला हात न लावता जागेवरच छायाचित्र काढा, पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. ती प्रत मूळ ध्वनिमुद्रणांसोबत वकिलाकडे ठेवा, आणि एक संच घरी.